फळांचा वास

"सिगरेट ओढतोस का?"

प्रश्न होता खाटेवर पडलेल्या अरीबला. उत्तर दिलं जहिराने.

"नाही. विडी नाही, सिगरेट नाही, तंबाखूसुद्धा नाही. आमच्या घरात त्याला कोणी हात लावत नाही."

दवाखान्यात, कचेरीत किंवा बँकेत गेली की जहिरा घरची मालवणी बाजूला ठेवून शाळेत शिकलेलं मराठी बोलायची. पोराच्या बरगड्यांमध्ये भोक पाडून नळी घालत होते तेव्हा तिला बाहेर बसवलं होतं आणि कोणीतरी आणून दिलेला पाण्याचा ग्लास तिच्या हातात तसाच राहिला होता. पण ह्या एका प्रश्नाचं उत्तर तिला पक्कं ठाऊक होतं. ते देताना तिचा आवाज आपोआप ताठ झाला.

डॉक्टरीण तरुण होती. तिने पुन्हा एकदा पडद्यावरच्या एक्स-रेकडे पाहिलं. उजवं फुप्फुस आक्रसून एका कडेला गोळा होऊन बसलं होतं. जिथे ते असायला हवं तिथे नुसता काळोख होता. नळीचं दुसरं टोक खाटेखालच्या बाटलीत, पाण्यात बुडवलेलं होतं. अरीब खोकला की त्या पाण्यात बुडबुडे येत.

"आणि वेप?" डॉक्टरणीने विचारलं.

अरीबने डोळे मिटून मान हलवली. होय म्हणून हलवली.

वेप म्हणजे काय ते जहिराला माहीत नव्हतं. तिला वाटलं, असेल एखादं औषध, नाहीतर पाण्याखाली वापरायचं एखादं यंत्र. पण डॉक्टरणीने ज्या तऱ्हेने पेन खाली ठेवलं आणि अरीबने ज्या तऱ्हेने तोंड भिंतीकडे फिरवलं, त्यावरून आपण आत्ता जे बोललो ते खोटं ठरलं आहे, एवढं तिला कळलं.

जहिराला धुराचं वैर होतं आणि ते उगाच नव्हतं. तिचा नवरा अलीमियाँ ट्रॉलरवर इंजिन सांभाळायचा. डिझेलचा धूर आणि विडीचा धूर त्याच्या अंगात असा मुरला होता की तो समुद्रावर गेलेला असतानाही त्याच्या उशीवरून माणूस आत्ताच उठून गेल्यासारखं वाटायचं. शेवटी शेवटी त्याला आडवं होता येईना. पुढ्यात उशांची रास रचून, तिच्यावर कपाळ टेकून तो बसल्या बसल्या झोपायचा. नाकात प्राणवायूची नळी आणि शेजारी घरघरणारं यंत्र. वीज गेली की जहिरा सुपाने वारा घालत बसायची. आणि त्याही अवस्थेत तो हात पुढे करायचा. "एकच झुरको दी गो," म्हणायचा. तिने तो कधीच दिला नाही. एका दुपारी तो तसाच, उशांवर कपाळ ठेवून, गेला. अरीब दप्तर घेऊन शाळेतून आला तेव्हा अंगणात माणसं जमलेली होती. पुढे कितीतरी वर्षं जहिराला मधूनच वाटायचं, द्यायला हवा होता. तसाही जाणारच होता माणूस.

पण झिलाच्या, म्हणजे अरीबच्या, बाबतीत तिने स्वतःला अशी सवलत दिली नाही. भिंती खरवडून चुना काढला, गाद्या जाळल्या, आणि अरीब मिसरूड फुटायच्या वयाचा झाला तशी ती त्याचा वास घ्यायला लागली. संध्याकाळी त्याने काढून टाकलेला शर्ट धुवायला उचलताना ती आधी नाकाशी न्यायची. ताट वाढताना त्याच्या बोटांपाशी वाकायची. त्याच्या वर्गातली पोरं एस.टी. स्टँडच्या मागे उभी राहून ओढतात हे सगळ्या गावाला माहीत होतं. अरीबच्या शर्टाला घामाचा, खाऱ्या पाण्याचा वास यायचा, आणि अलीकडे कसला तरी फळांचा. कधी आंबा, कधी कलिंगड, कधी पुदिन्याचा गारवा. च्युइंगम खात असेल, नाहीतर तरुण पोरं मारतात तसला फवारा मारत असेल, असं ती धरून चालली. तिला तो वास आवडायचा. जामसंड्याला माहेरी गेली की ती भावजयांना सांगायची, माझ्या झिलाच्या कपड्यांना बागेसारखा वास येतो.

घराच्या मागच्या दोन खोल्या ती पर्यटकांना द्यायची. वडे, कोंबडी, तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिकलं, तांदळाची भाकरी. लोक तिच्या हातच्या जेवणासाठी पुन्हा यायचे. दोन्ही खोल्यांत तिने अरीबकडून मोठ्या अक्षरात लिहून घेतलं होतं, खोलीत धूम्रपान करू नये. ओढणारे पाहुणे मुकाट्याने रस्त्यावर जाऊन उभे राहायचे आणि ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांच्यावर नजर ठेवायची.

त्या सकाळी पाण्यात काय झालं ते तिला चंदनने सांगितलं. चंदन शेजारच्या आनंदीचा मुलगा, अरीबच्याच वयाचा. दोघेही भाईच्या बोटीवर स्कूबाचे गाइड होते. पर्यटकाच्या पाठीवर हवेची टाकी बांधायची, त्याला धरून पाण्याखाली खडकांपाशी न्यायचं, मासे दाखवायचे आणि सुखरूप वर आणायचं, हे त्यांचं काम. अरीबबरोबर त्या वेळी नाशिकची एक बाई होती. खाली असतानाच त्याच्या उजव्या कुशीत सुरी घुसल्यासारखी कळ आली. वर येऊ लागला तशी छाती आतून फुगत गेली. जीव नकोसा झाला तरी घाईने वर यायचं नसतं, बाईला तर नाहीच आणायचं. त्याने तिची टाकी सोडली नाही. सावकाश, जसं शिकवलं होतं तसं, तो तिला घेऊन वर आला. आधी तिला बोटीवरच्या हातांत दिलं आणि मग स्वतः शिडीला धरायला गेला तर त्याची बोटंच मिटेनात. चंदनने केस धरून त्याला वर खेचलं तेव्हा त्याचे ओठ जांभळे झाले होते.

हे सांगून झाल्यावर चंदन जायला निघाला. जहिराने त्याला जिन्याखाली थांबवलं आणि वेप म्हणजे काय ते विचारलं. चंदनचे कान लाल झाले. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि खिशातून स्वतःचंच काढून दाखवलं. बोटाएवढी हिरवी, चपटी, गुळगुळीत वस्तू. एखाद्या पोरीच्या पर्समधून पडावी तशी.

"ह्याका धूर नसता, मावशी. वाफ असता. धूर नाय म्हणान आमका वाटला, काय होवचा नाय."

ह्याच्यावर बंदी आहे, दुकानात मिळत नाही, पण मोबाइलवरून मागवलं की घरपोच येतं, असंही त्याने सांगितलं. अरीबच्या नावाने येणारी छोटी खोकी जहिरानेच कुरिअरवाल्याकडून घेतली होती. कानात घालायचं यंत्र आहे, असं अरीब म्हणाला होता. तिने ती हिरवी वस्तू नाकाशी नेली. पिकलेल्या आंब्याचा वास आला.

तिथल्या तिथे तिला आठवलं की अशी वस्तू आपण आधी हातात धरली आहे. पण कुठे, ते नेमकं आठवेना.

ती वर गेली. अरीब जागा होता. नळीपाशी दुखत होतं, म्हणून तो उथळ श्वास घेत होता, अलीमियाँसारखा. जहिराने खाटेच्या कडेवर बसून हळू आवाजात विचारलं, "खंय गावला तुका ह्या? पयला कोणी दिल्यान?"

तो छताकडे बघत, जराही आवाज न चढवता, म्हणाला, "तुयाच दिललंस, अम्मी."

मग तोच पुढे सांगू लागला.

"पावन्यांच्या खोलयेत गावलला. परत धाड म्हणालंस. मिया धाडूक नाय."

आता तिला सगळं दिसलं. कोल्हापूरकडची पाच-सहा मुलंमुली उतरली होती, तो पावसाळ्यानंतरचा पहिला जथा. ती गेल्यावर चादरी काढताना उशीखाली एक गुलाबी वस्तू सापडली. तिने ती हुंगली होती, आणि पोरींचं काहीतरी अत्तर असेल असं समजून, हरवू नये म्हणून फडक्यात गुंडाळून ठेवली होती. तेव्हा अरीब बारावीला होता. संध्याकाळी तिने ती त्याच्या हातात दिली आणि बजावलं की लोकांची वस्तू आहे, पत्ता विचारून पाठवून दे, आपल्याकडे ठेवायची नाही. दोन्ही खोल्यांतल्या भिंतींवर तेव्हाही त्याच्याच अक्षरातली ती पाटी होती.

तिने त्याच्या अंगावरची चादर सारखी केली आणि ती बाहेर व्हरांड्यात जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरणीने अरीबच्या खाटेपाशीच तिला समजावून सांगितलं. फुप्फुसाच्या कडेला बारीक फोड आले होते, त्यातला एक फुटला, हवा बाहेर येऊन छातीत अडकली आणि फुप्फुस दबलं. पाण्याखालून वर येताना ती हवा फुगत गेली. नळीने ते पुन्हा उघडेल. पण एकदा झालेलं पुन्हा होऊ शकतं, म्हणून ह्यापुढे टाकी बांधून पाण्याखाली जायचं नाही. कधीच नाही.

मालदीवच्या एका रिसॉर्टवर अरीबची नोकरी ठरली होती. व्हिसाचे कागद आले होते, नवीन बॅग आणून ठेवली होती. "कधीच नाही" हे शब्द ऐकून त्याने काहीच विचारलं नाही. विचारलं ते जहिराने. हे त्या वेपमुळेच झालं का?

उंच, सडपातळ पोरांना कधी कधी काहीही न करता असं होतं, डॉक्टरीण म्हणाली. वेप ओढणाऱ्यांत जास्त दिसतं. ह्याच्या बाबतीत त्यानेच झालं असं शपथेवर सांगता येणार नाही.

"म्हणजे नक्की नाही?"

"नक्की नाही, मावशी. पण माझ्या भावाच्या हातात दिसलं असतं, तर मी काढून घेतलं असतं."

जहिराला ते उत्तर फार लागलं. नक्की असतं तर कोणाला तरी शिव्या घालता आल्या असत्या. निदान स्वतःला तरी.

भाई शहाळी घेऊन भेटायला आला. बोटीचा मालक, पण मनाने वाईट नव्हता; अलीमियाँच्या मयतीलाही खांदा द्यायला पुढे झाला होता. अरीबच्या पायावर हात ठेवून बराच वेळ बसला, काही लागलं तर सांगा म्हणाला. निघताना जहिराला बाजूला घेऊन घसा खाकरला.

"वयनी, पाण्यात झाला म्हणान खंय बोला नको. बोटीर चक्कर इली, इतक्याच सांगा. मे महिन्याचो सीझन तोंडार आसा."

जहिराला वाटत होतं, आता हा त्या बाईचा विषय काढेल. पोराने स्वतः मरत असताना तिला आधी वर दिलं, ते बोलेल. तो बोलला नाही, म्हणून तिनेच विचारलं, ती बाई सुखरूप गेली ना?

"तिका काय्येक झाला नाय," भाई म्हणाला. "रिव्ह्यू पण बरो दिल्यान."

अरीबला घरी आणल्यावर थोड्याच दिवसांत जहिरा आनंदीकडे गेली. दोघींचं वय एक, दोघींच्या परसातून ये-जा चालायची, एकीच्या घरचं सांबारं दुसरीकडे गेल्याशिवाय राहायचं नाही. आनंदी अंगणात सुकत घातलेली सुंगटं, बारीक कोलंबी, खालवर करत होती. जहिरा तिच्याशेजारी उकिडवी बसली, आणि जे सांगायचं ते शक्य तेवढं जपून सांगितलं. चंदनच्या खिशात काय असतं ते बघ, म्हणाली.

आनंदीचा हात थांबला. माझा चंदन तसला नाही, ती म्हणाली. घरी आला की आधी माझ्याशी बोलतो. कधी त्याच्या तोंडाला वास आला नाही.

"वास येना नाय, ताच सांगतंय."

"तुझ्या झिलाचा झाला ता वायट झाला, जहिरा. पण म्हणान माझ्या झिलाक कित्या ओढतंस त्यात?"

काही महिन्यांपूर्वी हेच कोणी जहिराला सांगायला आलं असतं, तर तिने त्या बाईला अंगणातून उठवून लावलं असतं. ती उठून आली. त्यानंतर परसातली ये-जा बंद झाली. चंदनने अरीबला फोन करून, तुझ्या आईने माझ्या घरात आग लावली असं सुनावलं, आणि मग त्याचाही फोन यायचा थांबला. दुपारी बोटी परतायच्या वेळेला चंदन ओल्या अंगाने, खांद्यावर टॉवेल टाकून दारावरून जायचा. अरीब त्या वेळेला आतल्या खोलीत असायचा.

पावसात पर्यटक नसतात. खोल्या रिकाम्या, बोटी किनाऱ्यावर ओढून माडाच्या झापांखाली ठेवलेल्या. अरीब दिवसभर मोबाइल घेऊन पडून असायचा. मालदीवचे कागद कपाटात होते आणि नव्या बॅगेत जहिराने जादा चादरी भरून ठेवल्या होत्या. एका सकाळी ती न्हाणीघराच्या मागे केळीखालचा पाचोळा ओढत असताना तिला वर झरोक्यातून पांढरं काहीतरी बाहेर येताना दिसलं. आधी वाटलं, गरम पाण्याची वाफ. पण चूल पेटवलेलीच नव्हती.

ती दारापाशी जाऊन उभी राहिली. आत नळ सोडलेला होता. अरीब बाहेर आला, तिला बघून जागच्या जागी उभा राहिला. तिने हात पुढे केला. त्याने ती वस्तू तिच्या हातात ठेवली, काळ्या रंगाची होती ह्या वेळी, आणि तो उंबऱ्यावर बसला.

"सुटना नाय गो, अम्मी."

एवढा उंच पोरगा, गुडघ्यांत डोकं घालून. जहिराच्या तोंडात शिवी आली होती, ती तशीच राहिली. तिने ती वस्तू दगडी पाट्यावर ठेवून वरवंट्याने ठेचली. आतून चर्र आवाज झाला आणि खराखुरा, काळा, घाणेरडा धूर निघाला. पाट्यावर डाग पडला. तो पाटा तिने पुन्हा वाटणाला घेतला नाही.

श्रावण संपता संपता फुप्फुस दुसऱ्यांदा फुटलं. ह्या वेळी गोव्याला न्यावं लागलं. तिथे शस्त्रक्रिया करून त्यांनी फोड कापून काढले आणि फुप्फुस आतल्या बाजूने छातीला चिकटवून टाकलं. जहिरा अ‍ॅम्ब्युलन्समध्ये त्याच्या उशाशी बसून गेली आणि तशीच परत आली. वाटेत त्याने एकदा तिला पाणी मागितलं. तेव्हापासून वेपची सवय सुटली आहे, असं तो सांगतो. जहिरा हो म्हणते. त्याचा शर्ट धुवायला उचलते तो हात लांब ठेवून. वास घ्यायचं तिने सोडून दिलं, कारण तिच्या नाकावरचा तिचा विश्वास उडाला, आणि पोरावरचा बसला नाही.

नवा सीझन सुरू झाला तेव्हा भाईने त्याला वाळूतल्या टेबलावर बसवलं. छत्रीखाली बसून येणाऱ्या पर्यटकांची नावं घ्यायची, त्यांना प्रश्न विचारायचे, सही घ्यायची आणि बोटीकडे पाठवायचं. उपकाराची जागा होती, हे भाईलाही कळत होतं आणि अरीबलाही. दुपारी जहिरा त्याचा डबा घेऊन जायची.

एका दुपारी गर्दी होती. सुट्टी लागून आली होती. ती छत्रीमागे डबा धरून उभी राहिली. अरीब मान खाली घालून एकेकाला विचारत होता, शाळेतल्या मराठीत: दमा आहे का, हृदयाचा त्रास, कानाचं ऑपरेशन, धूम्रपान करता का. नाही, नाही, नाही, नाही. त्याच्याच वयाचा एक पोरगा समोर आला. त्याच्या गळ्यात दोरीला निळी, चपटी, गुळगुळीत वस्तू लोंबत होती. तोही नाही म्हणाला, आणि हसत सही करून बोटीकडे पळाला. अरीब त्या निळ्या वस्तूकडे जरा जास्त वेळ बघत राहिला. ते जहिराने पाहिलं. लांब पाण्यात चंदन बोटीच्या काठावर बसून पाठीमागे झेप घेत होता.

इतक्यात एक बाई लहान मुलाला कडेवर घेऊन आली. तिच्या हातात पोहायची रबरी ट्यूब होती, बदकाच्या तोंडाची, अजून घडी न मोडलेली. भाईचा पंप बोटीवर गेला होता.

"दादा, जरा फुगवून देता का?"

अरीबने ती घेतली. अशा कितीतरी त्याने बोलता बोलता फुगवल्या होत्या. त्याने तोंड लावलं, एक फुंकर मारली, दुसरी मारली. तिसरीला त्याचा हात उजव्या कुशीवर गेला आणि तो थांबला. बदकाची मान थोडीशी उचलली होती, ती पुन्हा खाली पडली. मूल टक लावून बघत होतं. त्याची आई काही न कळून हसली.

जहिराने डबा टेबलावर ठेवला. त्याच्या हातातून ट्यूब घेतली, ओढणीच्या टोकाने तिचं तोंड पुसलं आणि ती फुगवायला लागली. उन्हात तिचा चेहरा लाल झाला, गळ्याच्या शिरा वर आल्या, पण ती थांबली नाही. ट्यूब टणक झाल्यावर तिने बूच दाबून बसवलं आणि ती कडेवरून उतरलेल्या मुलाच्या कमरेत अडकवली. मूल पाण्याकडे धावलं.

अरीबने मान वर न करता पुढच्या माणसाला नाव विचारलं.